वर्षाला एक मिलिमीटर

मी जन्मले त्या महिन्यात जग बुडणार होतं. आकाशात आठ ग्रह एका राशीला आले होते, गावोगाव होम पेटले होते आणि कासारवाडीच्या आमच्या चाळीतल्या बायका आईला म्हणत होत्या, कशाला दुपटी शिवत बसलीस, पोर डोळे उघडायच्या आत सगळं आटोपणार आहे. मी डोळे उघडले. जग होतं तिथंच होतं, आणि दुपटी कमी पडली म्हणून आईला बाबांचं जुनं धोतर फाडावं लागलं. तेव्हापासून कुणी जग बुडणार म्हणालं की मला भीती वाटत नाही, राग येतो. हा माझा स्वभाव आहे आणि तो बदलायचा माझा विचार नाही.

आम्ही ख्रिस्ती. बाबा नगरकडचे. इकडे कंपन्या उभ्या राहायला लागल्या तेव्हा आले आणि एका कंपनीच्या टूलरूमला चिकटले. चिकटले म्हणायचं नुसतं. कितीतरी वर्षं ते टेम्पररीच होते. सहा-सात महिने काम, मग ब्रेक, मग पुन्हा गेटवर उभं राहून नव्यानं भरती. शास्त्राच्या शेवटच्या पुस्तकात असं आहे की प्रभू पृथ्वीवर हजार वर्षं राज्य करेल, आणि ती हजार वर्षं संपली की सैतानाला थोडा वेळ मोकळं सोडतील. बाबा तिथवर वाचत आले की चष्मा वर करून म्हणायचे, "बघा, तिथंसुद्धा ब्रेक आहे." असे होते माझे बाबा. हे आधीच सांगून ठेवते, कारण मी दहावी झाले त्या उन्हाळ्यात ते असे राहिले नव्हते.

माझ्या आधी एक ताई होती. मी जन्मायच्या आदल्या वर्षी ती तापानं गेली, सहा वर्षांची होऊन. गावात राहवेना म्हणून आईबाबा इकडे आले. घरात तिचा फोटो नव्हता. पत्र्याच्या पेटीत तळाशी एक फ्रॉक होता, पिवळा, त्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. लहान होते तेव्हा मी तिच्यापेक्षा लहान होते. मग एक वर्ष आम्ही दोघी एका वयाच्या झालो. मग मी पुढे निघून गेले. मी सतरा वर्षांची आणि माझी ताई सहा वर्षांची, हे मला कधी नीट सोसलं नाही.

तर त्या उन्हाळ्यात आमच्या प्रार्थना सभेला एक प्रचारक आले. सगळे त्यांना ब्रदर म्हणत. उंच, शिडशिडीत, आवाज असा की रेल्वे फाटकापर्यंत ऐकू जावा. चाळीच्या टोकाची रिकामी खोली त्यांना दिली आणि जेवण आमच्याकडे. त्यांच्याजवळ एक मोठा पडदा होता, मांजरपाटावर रंगवलेला. अंगणात कपडे वाळत घालायच्या तारेवर तो लावला की अख्ख्या चाळीला युगाचा शेवट दिसायचा. डावीकडे मंडळीचं, म्हणजे चर्चचं, सध्याचं युग. मग विश्वासणारे वर उचलले जातात तो ढग. मग क्लेशाची सात वर्षं: पडद्याचा जवळजवळ अर्धा भाग तोच, त्यात सात डोक्यांचं श्वापद, रक्ताचा चंद्र, माणसाच्या तोंडाचे टोळ. आणि अगदी उजव्या कडेला, वीतभर जागेत, हजार वर्षांचं राज्य. तिथं एक सिंह आणि एक कोकरू कसेबसे अंग चोरून बसले होते.

आमच्या चर्चचे पाळक वेगळं शिकवायचे. ते म्हणायचे, हजार म्हणजे मोजायचे हजार नव्हेत; देवाचं राज्य किती मोठं आहे ते सांगायला हजार म्हटलंय. ब्रदरना हे मान्य नव्हतं. त्यांचा हिशेब पक्का होता. अठ्ठेचाळीस साली यहुद्यांचं राष्ट्र पुन्हा उभं राहिलं तिथून एक पिढी धरायची, पिढी म्हणजे चाळीस वर्षं, त्यातून क्लेशाची सात वजा करायची. उरलं काय? दोन वर्षं. दोन वर्षांच्या आत आपण वर उचलले जाणार आणि आपली मेलेली माणसं उठून आपल्याला भेटणार. त्याच दिवसांत अमेरिकेची स्कायलॅब, म्हणजे अवकाशातली प्रयोगशाळा, आकाशातून कोसळणार म्हणून लोक धास्तावले होते, त्यामुळे ब्रदरना फार काही पटवून द्यावं लागलं नाही.

चाळीची मालकीण म्हातारी होती, तिथल्याच जुन्या घरातली. ती आमच्या ओट्यावर बसून सभा ऐकायची आणि मिश्री लावायची. ती एकटीच हसली. "आवो, ही जल्मली तवा बी असंच म्हनले व्हते. आमी काय केलं, चांगली ज्वारी दळून ठेवली. बुडायचं तर उपाशी कशापायी बुडायचं? काय बी झालं न्हाई."

बाबा मात्र हसले नाहीत. दोन वर्षं हा शब्द त्यांच्या मनात जाऊन बसला होता. सतरा वर्षांत ज्या माणसानं ताईचं नाव काढलं नव्हतं तो जेवताना म्हणायला लागला, तिला गूळ आवडायचा, तिला रेल्वे दाखवायची राहिली. आई ऐकायची आणि पदरानं डोळे पुसायची. एकदा बाबांनी पेटीतून तो पिवळा फ्रॉक काढून उन्हात ठेवला. आता लागेल, म्हणाले.

आणि नेमका तेव्हा मी फॉर्म आणला.

नदीपलीकडच्या आयटीआयचा फॉर्म. ड्राफ्ट्समनचा, म्हणजे नकाशे काढायचा कोर्स, दोन वर्षांचा. मला चांगले मार्क पडले होते, चित्रकलेच्या दोन्ही ग्रेड परीक्षा पास होते, आणि बाबा टूलरूममधून कधी एखादं बाद झालेलं ड्रॉइंग घरी आणायचे ते मी तासन्‌तास बघत बसायचे. एक वस्तू वरून कशी, समोरून कशी, बाजूनं कशी. कुठे काही लपवाछपवी नाही. मला तेच करायचं होतं. फॉर्मवर पालकाची सही हवी होती.

बाबांनी फॉर्म वाचला आणि घडी घालून परत दिला. "दोन वर्षांचा आहे ना? संपायच्या आत आपण इथं नसू. ताईला भेटायला जायचंय आपल्याला. तिथं टी-स्क्वेअरची पट्टी घेऊन जाणारेस का?"

"आणि नाही आली ती, तर?"

बाबांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसते उठून बाहेर गेले. आईनं मला हाताला धरून मोरीकडे नेलं आणि हळूच म्हणाली, "सतरा वर्षांनी तुझ्या बाबांनी तिचं नाव घेतलंय. मी काय बोलू? तूच सांग, मी काय बोलू?" मला त्या क्षणी ताईचा राग आला. सहा वर्षांच्या, मेलेल्या मुलीचा. माझी शाळा, माझं सगळं पुढचं आयुष्य ती आपल्या चिमुकल्या हातांनी अडवून उभी आहे, असं मला वाटलं. हे वाटल्याची लाज मला अजून वाटते, पण वाटलं ते वाटलं.

फॉर्म भरायला बारा दिवस होते. चौथ्या दिवशी उंदरांनी माझं काम सोपं केलं. ब्रदरनी पडदा गुंडाळून माळ्यावर ठेवला होता. त्याच्या उजव्या कडेला शिवण पक्की राहावी म्हणून कधीतरी खळ लावलेली होती, आणि उंदरांना खळ आवडते. पडदा उलगडला तर श्वापद जसंच्या तसं, टोळ जसेच्या तसे, आणि हजार वर्षांचं राज्य सिंहा-कोकरासकट गायब. चाळीत सगळे तोंड दाबून हसत होते. ब्रदरना हसू आलं नाही. पुढच्या रविवारी मोठी सभा होती, लांबलांबची माणसं येणार होती. ते बाबांना म्हणाले, तुमच्या मुलीचा हात चांगला आहे म्हणतात, तिला नवा पडदा काढायला सांगा.

मी म्हटलं, काढते. नवं मांजरपाट आलं. मी जुना पडदा जमिनीवर पसरला, पट्टी घेतली आणि ब्रदरना साधा प्रश्न विचारला. त्यात तोपर्यंत काही खोडसाळपणा नव्हता, शपथेवर सांगते. नकाशा काढताना जो विचारायचा तोच प्रश्न.

"ब्रदर, याला प्रमाण काय?"

ब्रदरना वाटलं मी पुरावा मागतेय. त्यांची भुवई चढली. "प्रमाण? शास्त्र हेच प्रमाण! शास्त्रात जे आहे ते, त्यात तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही."

मान खाली घालून म्हटलं, बरं. पण आत काहीतरी टणकन वाजलं. शास्त्र हेच प्रमाण ना? मग शास्त्रात सात आहेत तर सातच काढायची, आणि हजार आहेत तर हजार. वर्षाला एक मिलिमीटर.

चाळीच्या कोपऱ्यावर एका मुसलमान मेकॅनिकचं गॅरेज होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ट्रकच्या नंबरप्लेटही तेच रंगवायचे, त्यामुळे सरळ रेघ ओढावी तर चाचांनी. मी त्यांच्याकडे बारीक ब्रश आणि काळा रंग मागायला गेले. कशाला म्हणून विचारलं, ते सांगितलं. चाचा ब्रश पुसता पुसता म्हणाले, "हमारे में भी ईसा, तुमचे येशू, आनेवाले है, बेटी. पण कधी ते फक्त अल्लाला ठाऊक. हमारे मौलवीसाब बी तारीख नाही देत." आणि मला दोऱ्याला खडूची पूड लावून लांब सरळ रेघ कशी मारायची ते शिकवलं.

मी पाच दिवस पडदा काढत होते. आमच्या ओट्यावर, दुपारी, बाबा फर्स्ट शिफ्टला असताना. प्रभूच्या जन्मापासून आजपर्यंत : दोन मीटरला एकवीस मिलिमीटर कमी. तिथं आजची खूण. ब्रदरच्या हिशेबाची दोन वर्षं : दोन मिलिमीटर. मग क्लेशाची सात वर्षं : सात मिलिमीटर. मग हजार वर्षं : एक आख्खा मीटर. पट्टी ठेवून मी बघत बसले. माझं सगळं आयुष्य सतरा मिलिमीटर, अंगठ्याच्या एका पेराएवढंही नाही. ताईचं सहा. ज्या क्लेशाच्या भीतीनं चाळ अर्धी झाली होती तो सगळा क्लेश माझ्या ताईपेक्षा एका मिलिमीटरनं मोठा होता. त्यात सात डोक्यांचं श्वापद काढायचं म्हणजे मुंगी काढल्यासारखं झालं असतं. मी तेवढी जागा काळ्या रंगानं भरून टाकली. एक जाड रेघ, बस्स.

आणि पुढे एक मीटर पांढरं कापड. इतकं रिकामं कापड मी पहिल्यांदाच बघत होते. सिंह आणि कोकरू काढून ते भरणार नव्हतं. मग मी विचार केला की इथं राज्य येणार, एवढी माणसं उठणार, ती राहणार कुठं? कासारवाडीत एका नळावर बावीस बिऱ्हाडं होती. म्हणून मी घरं काढली. वरून बघितल्यावर दिसतात तशी, भिंती, दारं, मधून रस्ते, रस्त्याच्या कडेनं गटारं, प्रत्येक घराला स्वतःचा नळ. शाळा काढली. तिचं मैदान मोठं ठेवलं. मला इतका आनंद त्याआधी कशानंच झाला नव्हता.

दरम्यान स्कायलॅब पडली. कुठेतरी लांब, समुद्रात नि ओसाड रानात. ब्रदर म्हणाले ही नुसती सूचना होती.

रविवारी चारला सभा. पावसानं उघडीप दिली होती. पुनावळ्यापासून माणसं आली होती, सायकलीवर, बैलगाडीतून. ब्रदरनी प्रार्थना केली आणि घडी केलेला पडदा न बघताच तारेवर पसरला. मग मागे वळून बघितलं.

"श्वापद कुठं आहे?"

"त्या काळ्या रेघेत आहे, ब्रदर."

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. ब्रदरचा चेहरा लाल झाला. "पोरी, हे काय करून ठेवलंस? हे बघून कोण घाबरेल? कोण पश्चात्ताप करेल?"

तेव्हा मला कळलं की त्यांना राज्य नको होतं, भीती हवी होती. माणूस वाईट नव्हता. पण सात वर्षांच्या काळोखाची गोष्ट त्याला इतकी पाठ झाली होती की हजार वर्षांच्या उजेडाबद्दल त्याच्याजवळ बोलायला चार वाक्यंही नव्हती. मी पडद्याकडे बोट केलं. "तुम्हीच म्हणालात, शास्त्र हेच प्रमाण. तिळभर कमी नाही, तिळभर जास्त नाही. शास्त्रात सात आहेत, मी सात काढली. शास्त्रात हजार आहेत, मी हजार काढली. खोटं असेल तर मोजून बघा."

"मुलीला समजवा," ब्रदर बाबांना म्हणाले.

बाबा पहिल्या ओळीत होते. ते उठले. मला वाटलं, आता भर सभेत कानाखाली बसते. पण ते माझ्याकडे आलेच नाहीत. पडद्यापाशी गेले, आणि सदऱ्याच्या खिशातून त्यांची स्टीलची पट्टी काढली. ती त्यांच्या खिशात रविवारीसुद्धा असायची. काळ्या रेघेवर ती टेकवून, डोळा बारीक करून त्यांनी बघितलं. मग हजार वर्षं मोजायला घेतली. पट्टी लहान होती. प्रत्येक वेळी नखानं खूण करायची, पट्टी पुढे सरकवायची.

"ही देवाची सभा आहे, कारखाना नाही," ब्रदर म्हणाले.

"थांबा ब्रदर, मोजतोय," बाबा म्हणाले.

शेवटपर्यंत मोजून झाल्यावर ते वळले. "ड्रॉइंग बरोबर आहे. जुनं प्रमाणात नव्हतं." पट्टी खिशात ठेवत म्हणाले, "आमच्याकडे असं ड्रॉइंग आलं तर त्यावरचा सगळा माल रिजेक्ट होतो." मग खिशातली पेन्सिल काढून, पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, टूलरूममध्ये रोज करतात तशी त्यांनी बारीक अक्षरात नोंद केली : तपासले. खाली सही.

सभा झाली, गाणी झाली, पण ब्रदरना त्या दिवशी रंग चढला नाही. त्याच आठवड्यात ते पुढच्या गावी गेले. जुना, उंदरांनी खाल्लेला पडदाच बरोबर घेऊन गेले. नवा आमच्याकडेच राहिला.

संध्याकाळी बाबा तो पडदा खोलीत जमिनीवर अंथरून बसले. दिवेलागण झाली होती, आई भाकरी थापत होती. बाबा घरांवरून बोट फिरवत होते. नळ कुठून आणलाय, गटाराला उतार कुठे आहे, असं विचारत होते. मग म्हणाले, "ही घरं कुणाची?"

"उठतील त्यांची."

"आणि ताईचं?"

मी शाळेशेजारचं एक घर दाखवलं. बाबांचं बोट तिथं थांबलं ते हललंच नाही. मला रडू येत होतं, पण मी ठरवलं होतं की आज बोलायचंच. "बाबा, ती आली तर मी वर्गातून धावत येईन, टी-स्क्वेअर टाकून. पण तोवर मला रिकामी बसवू नका. एवढी घरं बांधायची तर नकाशे कुणीतरी काढायलाच हवेत. मी फक्त दोन मिलिमीटर मागतेय."

आईचा भाकरी थापायचा आवाज थांबला होता. तेव्हा मला वाटायचं की माझ्या हिशेबानं त्यांना हरवलं. आता कळतं, फॉर्मवरच्या सहीसाठी त्यांना काय सोडावं लागलं असेल. दोन वर्षांत ती येणार हे त्यांना सोडावं लागलं; ती येणार हे मी त्यांना सोडू दिलं नाही, एवढंच.

"फॉर्म आण," ते म्हणाले.

ऑगस्टमध्ये मी आयटीआयला गेले. वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दोन वर्षं झाली, ब्रदरचं साल आलं आणि गेलं, माझा निकाल लागला आणि चाकणच्या बाजूला एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी ड्रॉइंग बोर्डपुढे उभी राहिले. आधी टेम्पररी, अर्थातच. पिवळा फ्रॉक बाबांनी पुन्हा घडी घालून पेटीत ठेवला होता, पण आता तळाला नाही, वरच.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं राहिलं. सही करून बाबांनी पेन खिशात ठेवलं, आणि पेन्सिल काढली. शाळेशेजारच्या त्या घरावर पेन्सिलीचं टोक टेकवून ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "याला खिडकी राहिलीये. एक खिडकी काढ. अंधारात तिला झोप यायची नाही."

मी दोन काढल्या.